महेश्वरीच्या मापाचा ओटा

मार्गशीर्षातल्या अमावस्येची येळवस एका दिवसावर आली आणि पुण्याहून महेश्वरीच्या धाकट्या दिराची, नंदीशची गाडी दारात येऊन थांबली, तरी भवानी पेठेतल्या त्या घराचा स्वयंपाक देवघराच्या उंबऱ्याशी एका शेगडीवरच चालला होता. दिवाळीपूर्वी मोडलेलं स्वयंपाकघर दिवाळीला तयार होणार होतं. मग ते तुळशीच्या लग्नाला तयार होणार होतं. आता येळवशीला नक्की, असं सोमलिंग मिस्त्रीने गळ्याला हात लावून सांगितलं होतं, आणि खरं बोलायचं तर या खेपेला तो शब्दाला बराचसा जागला होता. भिंतीच्या टाइल्स राहिल्या होत्या, वरची कपाटं राहिली होती, पण ओटा उभा झाला होता. त्यावर काळा ग्रॅनाइट बसला होता आणि ग्रॅनाइटवर ओली पोती अंथरली होती. मी येऊन पोती काढीपर्यंत कुणी बोट लावायचं नाही, अशी त्याची ताकीद होती.

महेश्वरीने बोट लावलं नव्हतं. पोत्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं आणि मागे फिरायचं, इतकंच.

तिचा धीर गल्लीत प्रसिद्ध होता. प्लंबर सासुरवाडीला म्हणून गेला आणि तिकडेच रमला, तेव्हा तिने न्हाणीघरात भांडी घासली. टाइल्सच्या खोक्यातून द्राक्षांचे घोस छापलेल्या भलत्याच टाइल्स निघाल्या, तेव्हा ती खोकी तिने परत बांधून ठेवली आणि दुकानदाराला चहा पाजून बदलून घेतली. आमटीत धूळ पडली तर वरची आमटी काढून टाकायची, पिठात पडली तर चाळण लावायची, नवऱ्याच्या डोक्यात पडली तर काही बोलायचं नाही. नवऱ्याची, बसवेशची, मार्केट यार्डात अडत होती. दिवसभर लिलावात ओरडून घरी आल्यावर त्याला एका शेगडीवरच्या स्वयंपाकाचा राग यायचा आणि तो मिस्त्रीला फोन लावून पुन्हा ओरडायचा. महेश्वरी म्हणायची, "ओरडून सिमेंट लवकर वाळतंय व्हय?" आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण पाच तोंडं स्वयंपाकघर ठरवायला बसली की परमेश्वरही हात जोडून बाहेर जात असावा. नंदीशला धूर ओढणारी चिमणी हवी होती, जरी तो वर्षातून तीनदा इथे जेवायचा. त्याच्या बायकोला, वैष्णवीला, आवाज न करता मिटणारे खण हवे होते. नणंद शिवलीला वैरागला दिलेली, तिने तिथून फोनवर खिडकीची जागा बदलून घेतली. अव्वांना, म्हणजे सासूबाई दाक्षायणींना, काहीच नको होतं, आणि ते काहीच नको असणं सगळ्यात अवघड होतं. महेश्वरीने सगळ्यांचं ऐकलं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे असं आहे खरं, पण तिने जनाचं इतकं ऐकलं की मनाचं करायला जेमतेम वीतभर जागा उरली. ती वीतभर जागा म्हणजे ओट्याची उंची.

त्या उंचीला इतिहास होता. सासरे गुरुबसप्पा यांनी हे घर बांधलं तेव्हा गल्लीतल्या बायका खाली बसून चुलीपुढे वाकायच्या. गुरुबसप्पांनी बायकोसाठी उभा ओटा बांधला. दाक्षायणी अक्कलकोटकडची, ताडमाड उंच. तिला भिंतीशी उभं करून, तिचा हात कुठे पडतो ते बघून त्यांनी स्वतः खूण केली होती. बायकोचं माप घेऊन ओटा बांधणारा माणूस म्हणून त्यांची लई चेष्टा झाली. ते गेले, पण अव्वा त्या चेष्टेची गोष्ट अजून सांगायच्या आणि सांगताना दरवेळी लाजायच्या.

आणि त्या ओट्यापुढे सून म्हणून आली ती महेश्वरी, जी अव्वांच्या खांद्यालाही लागत नव्हती. पहिल्या दिवशी ती भाकरी थापायला चवड्यांवर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी अव्वांनी न बोलता एक लाकडी पाट आणून ओट्यापुढे ठेवला. तेव्हापासून ती त्या पाटावर उभी होती. तिची लेक आरोही त्या पाटाला धरून उभी राहायला शिकली आणि आता एमएस्सीला होती. भाकरी झाली की पाटावरून उतरायचं, डबा काढायला जायचं, परत चढायचं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर महेश्वरीने मनाशी एवढंच ठरवलं होतं, की या घरात मरायच्या आधी एकदा जमिनीवर उभं राहून भाकरी थापायची. म्हणून ओटा मोडल्यावर, राडारोडा उचलल्यावर, माप घ्यायच्या दिवशी तिने सगळ्यांसमोर एकदाच तोंड उघडलं होतं. "माप माझं घ्या," ती म्हणाली होती. अव्वा त्या दिवशी ओसरीवर पाठ करून बसल्या होत्या.

"वैनी, काढतो बरं का पोती," सोमलिंग मिस्त्री म्हणाला.

सगळे गोळा झाले. पोती निघाली, मिस्त्रीने फडक्याने दगड पुसला, आणि खिडकीतला उजेड त्यात असा पडला की वैष्णवीने "आई गं, किती सुंदर!" म्हणून टाळी वाजवली. शिवलीला सकाळीच एसटीने आली होती. ती म्हणाली, "खिडकी बघा आधी. उजेड कुणामुळं आलाय?" बसवेशने मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. आदल्या संध्याकाळीच त्याने त्याच मिस्त्रीला फोनवर काय काय म्हटलं होतं ते दोघांनीही विसरल्यासारखं केलं.

"आता गर्दी कमी करा," शिवलीला म्हणाली. "उद्याला भज्जी हाय, उंडे हायत, आंबील लावायची हाय. कडक भाकरी आज झाल्या नाहीत तर शेतात काय खडे चावणार? वैनी, पहिली भाकरी तू टाक."

येळवशीला अख्खं घर मंद्रूपच्या शेतात जेवायला जायचं, कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा व्हायची, भाज्या-शेंगांच्या भज्जीबरोबर बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील असायची, आणि कडक भाकऱ्यांची चळत लागायची ती महेश्वरीच्या हातचीच. पापडासारखी पातळ भाकरी थापणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही. खांदा हाताच्या वर पाहिजे, अंगाचा भार सरळ तळव्यात उतरला पाहिजे. नुसत्या मनगटाने थापली की कड चिरते.

शेगडी ओट्यावर आली आणि महेश्वरीने परात ठेवली. पीठ मळलं, गोळा केला, पहिली थाप मारली. दुसरी मारली. आणि थांबली.

कोपर वर येत होतं. खांद्यातून काही उतरतच नव्हतं. भाकरीची कड एका जागी उकलली, तिने बोटाने सांधली, शेजारी उकलली. तिला वाटलं, नवी जागा आहे, सवय नाही. तिने पाय जरा मागे घेतले, पुढे घेतले. मग तिच्या लक्षात आलं की ती चवड्यांवर उभी आहे.

मिस्त्री चुकला असेल? पण तो चुकला नव्हता, कारण ती स्वतः उभी होती. "हात कुटं पडतोय दावा, वैनी," असं तो म्हणाला होता आणि तिने मोकळ्या हवेत तळवा टेकवला होता. किती बरोबर वाटलं होतं तेव्हा! खांदा वर, हात खाली, अगदी जसा पाहिजे तसा. मिस्त्रीने जमिनीपासून टेप लावली होती. महेश्वरीला तो क्षण पुन्हा दिसला, आणि आपल्या पायांखाली काय होतं तेही दिसलं. रिकाम्या खोलीत भिंतीशी टेकवलेला पाट तिने पायानेच ओढून घेतला होता, रोजच्यासारखा. कुणी सांगितलं नव्हतं. ती चढली होती आणि चढल्याचं तिला कळलंसुद्धा नव्हतं.

तिने पदर तोंडाला लावला. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच ठरवता येईना.

तेवढ्यात अव्वा आल्या. येणार नाही असं महिनाभर सांगत आलेल्या अव्वा भिंत धरत धरत आल्या, ओट्याशी थांबल्या आणि त्यांनी ग्रॅनाइटवर तळवा ठेवला. आता त्यांची पाठ वाकली होती, पण हाताला माप आठवत होतं. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"तीच हाय की," त्या म्हणाल्या. "तीच उंची. मला वाटलं, मोडलात तुमी त्यांचं सगळं. बसवेश, बघ. तुझ्या बायकोनं राखली रे उंची." आणि महेश्वरीकडे वळून म्हणाल्या, "मी उगाच रुसले, यव्वा."

महेश्वरीने मान हलवली. अव्वा खाली बसल्या, भज्जीसाठी आणलेल्या वालाच्या शेंगा पुढ्यात ओढल्या आणि कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरात बसून निवडायला लागल्या. त्यांच्या तोंडून गुणगुणणं ऐकू आलं. राहू द्यावं, महेश्वरीच्या मनात आलं. इतकी वर्षं काढली, आणखी काढू. पाट बाहेर अंगणात सिमेंटच्या घमेल्याखाली होता. दाराशी उरलेल्या विटा रचून ठेवल्या होत्या. तिने त्यातली एक उचलली, दुसरी उचलली, ओट्यापुढे शेजारी शेजारी मांडल्या आणि चढली. भाकरी लगेच नीट थापली जाऊ लागली. तवा तापला, पहिली भाकरी पडली, पाणी फिरलं, वास सुटला. कुणाला काही कळलं नव्हतं.

पण खाली बसलेल्या माणसाला उभ्या माणसाचे पायच आधी दिसतात.

"महेश्वरी," अव्वा म्हणाल्या, "कशावर उभी हायस तू?"

शिवलीला वाकली, वैष्णवी वाकली, सोमलिंग मिस्त्रीने विटा पाहिल्या आणि टेप काढली. त्याने ओटा मोजला आणि छाती ठोकून म्हणाला, "माप करेक्ट हाय. त्या दिवशी वैनीनं दावलं तेच. इतकंबी कमी न्हाय, जास्त न्हाय."

"थांबा, माझ्याकडे फोटो आहे," आरोही म्हणाली. माप घेतल्याच्या दिवशी तिने आठवण म्हणून फोटो काढला होता. मोबाइल हातोहात फिरला. फोटोत मिस्त्री टेप धरून होता, बसवेश टेपचं खालचं टोक जमिनीला दाबून बसला होता, नंदीश आणि वैष्णवी हसत होते, आणि मधोमध महेश्वरी, हात पुढे करून, पाटावर उभी.

"अगं, आई!" आरोही किंचाळली. "तू पाटावर आहेस!"

"आणि मी टोक धरून बसलोय पाटाच्या शेजारी," बसवेश म्हणाला. "माझ्या नाकासमोर हाय की पाट."

नंदीश हसायला लागला. मग वैष्णवी, मग मिस्त्री. महेश्वरीलाही राहवेना. विटांवर उभी राहून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेवटी बसवेशने डोळे पुसले आणि अडत्याच्या थाटात निकाल दिला. "हरकत न्हाय. नवा पाट करू. झकास, सागवानी. खाली रबर लावू, सरकायला नको."

"काहीतरीच काय, भाऊजी?" वैष्णवी म्हणाली. एरवी थोरल्या दिराच्या तोंडाला न लागणारी वैष्णवी लाल झाली होती. "सगळ्यांचं सगळं झालं. माझे खण झाले, ह्यांची चिमणी झाली. महेश्वरीअक्कांनी एकच गोष्ट मागितली होती."

"पण दगड बसलाय ना आता," नंदीश म्हणाला. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चिमणीकडे बघायला लागला.

शिवलीला म्हणाली, "वैनीचं खरं हाय, न्हाय कोण म्हणतंय? पण ही बाबांची उंची हाय. अव्वाला आता कुटं बरं वाटलंय. आणि दगड काढताना फुटला म्हणजे? पुन्हा संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेचे पाहुणे, पुन्हा एक शेगडी. वैनी काय, ती समजून घेती. तिच्यासारखा धीर कुणात न्हाय."

सगळ्यांनी महेश्वरीकडे पाहिलं. ती काय म्हणणार हे सगळ्यांना माहीत होतं. राहू द्या, असं ती म्हणणार होती. इतकी वर्षं ती तेच म्हणत आली होती आणि ते इतकं सोयीचं होतं की तिच्या धीराचं कौतुक करताना कुणाची जीभ कधी अडखळली नव्हती. तिलाही तो शब्द अगदी ओठांवर आलेला जाणवला. तव्यावरची भाकरी फुगत होती. ती तिने उलटली, कडेला लावली, गॅस बारीक केला. मग ती विटांवरून खाली उतरली.

"मला उतरवून पाहिजे," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. बसवेशला वाटलं, विटा उतरवायच्या म्हणते.

"ओटा," महेश्वरी म्हणाली. "एक वीट खाली. दगड फुटला तर फुटला, साधा कडप्पा टाकू, मला चालतंय. पुन्हा महिना लागला तर लागू दे, मी करीन एका शेगडीवर. धीर हाय माझ्यात. तो आता मी माझ्यासाठी धरते." आणि मग अव्वांकडे बघायचा धीर काही होईना, म्हणून जमिनीकडे बघत म्हणाली, "अव्वा, मी उंची राखली नव्हती. चुकून राहिली. तुमाला वाईट वाटेल, पण खोटं कौतुक मी कसं घेऊ?"

अव्वांच्या हातात वालाची शेंग होती. त्यांनी ती सोलली, दाणे टोपलीत टाकले, साल बाजूला टाकलं. शिवलीला आईजवळ सरकली.

"अव्वा, तू मनाला लावून घेऊ नको. आपण..."

"साकु," अव्वा म्हणाल्या. पुरे झालं की त्यांच्या तोंडून कन्नडच यायचं. "तुझे बाबा काय उंची बांधून गेले व्हय गं? त्यांनी बाई बघून ओटा बांधला. जी थापती तिच्या मापाचा. लोक हसले तरी बांधला. आणि ही आली तेव्हा मी काय केलं? पाट आणून टाकला. पाट टाकायला काय अक्कल लागती?" त्या सोमलिंगकडे वळल्या. "मिस्त्री, निघतोय का दगड?"

सोमलिंगने डोकं खाजवलं. कामाला तो कासव होता, पण मोडायचं म्हटलं की त्याला हुरूप यायचा. "सावकाश काढला तर निघंल की. टाइल्स अजून लावल्या न्हाईत ते बरंच झालं. खालच्या भिंतीचा एक थर काढू. पण उद्या न्हाय बरं का, उद्या माझीबी येळवस हाय."

"उद्या कुणालाच नको," बसवेश म्हणाला. तो अजून बायकोकडे बघत होता. तिने काहीतरी मागितल्याचं त्याने पहिल्यांदाच ऐकल्यासारखं झालं होतं आणि ते ऐकून त्याला बरं वाटत होतं, का ते त्याला सांगता आलं नसतं. "आज फक्त माप घ्या. आणि खाली बघून घ्या सगळ्यांनी."

"पाट कुटाय? आधी त्याला कुलूप लावा," नंदीश म्हणाला, आणि या वेळी वैष्णवीही हसली.

विटा सरकवल्या. खालची फरशी आरोहीने फडक्याने पुसली. महेश्वरी चपला काढून भिंतीशी उभी राहिली, तेवढ्या मोकळ्या जागेत जिथे ओटा संपत होता. मिस्त्रीने पेन्सिल कानावरून काढली.

"दावा, वैनी. हात कुटं पडतोय?"

महेश्वरीने हात पुढे केला. तळवा हवेत टेकवला. बरोबर वाटलं. खांदा वर, भार सरळ खाली. मिस्त्री खूण करायला वाकला.

"थांब," अव्वा म्हणाल्या.

त्यांनी वालाची टोपली बाजूला केली आणि जमिनीवर बसल्या बसल्याच, एक हात टेकत, सुनेपर्यंत सरकत आल्या. कुणाला काही समजायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी महेश्वरीचे पाय धरले.

महेश्वरी दचकून मागे झाली. "अव्वा! काय करताय? सोडा. पाप लागंल मला."

सणावाराला, गावाला जाताना, गावाहून येताना, आजारपणातून उठल्यावर ती या बाईच्या पायांवर वाकली होती. आणि ही बाई आज तिच्या पायांशी बसली होती. शिवलीलाने तोंडावर हात ठेवला. बसवेश पुढे झाला, पण अव्वांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"हलू नको," त्या म्हणाल्या. "टाच वर हाय तुझी. बघ, अजून वर हाय. तुला कळत न्हाय ते."

महेश्वरीने खाली पाहिलं. खरंच होतं. मोकळ्या जमिनीवर, पुढे ओटा नसताना, ती चवड्यांवर उभी होती.

अव्वांनी दोन्ही तळवे तिच्या पावलांवर ठेवले आणि हळूहळू दाबले. टाचा फरशीला लागल्या. फरशी गार होती. महेश्वरीचा खांदा खाली आला, हात आणखी खाली आला आणि जिथे थांबायचा तिथे थांबला. तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी पुसायला तिला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने ते वाहू दिलं.

अव्वांनी हात काढले नाहीत. "आता कर खूण," त्या मिस्त्रीला म्हणाल्या.